खुलासा: प्रथिनांच्या छापील काचेने कॅन्सर कळत नाही

फोंड्यातल्या आमच्या वाड्याच्या ग्रुपवर चतुर्थीपासून एक मेसेज फिरतो आहे: 'काचेवर प्रथिनांचे अतिसूक्ष्म ठसे छापता येतात. त्यावर रक्ताचा थेंब टाकला की कुठलाही कॅन्सर कळतो, बायोप्सी नको.' यातली छपाई खरी आहे, पुढचं खरं नाही.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी असे ठसे स्वतः काढलेत. सिलिकॉन रबर साच्यात ओतून शिक्का बनवतात, त्याला प्रथिनाचं द्रावण लावतात, वाळवतात आणि काचेवर हलकेच टेकवतात. मग उरलेली जागा झाकावी लागते, नाहीतर तिथेही प्रथिनं चिकटतात. माझे कितीतरी नमुने इथेच बिघडले. ही पद्धत १९९०च्या दशकात हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेत विकसित झाली. १९९९मध्ये चॅड मिरकिन यांच्या गटाने सूक्ष्म टोकाने रेणू 'लिहून' दाखवले, पुढे त्याच रीतीने काहीशे नॅनोमीटरचे प्रथिनांचे ठिपके काढले. आपला केस त्याहून शेकडो पट जाड.

पेशी कुठे चिकटते, कशी पसरते, हे अशा ठशांवर अभ्यासतात. चाचण्यांतही प्रथिनं ठरावीक जागी बसवतात, पण प्रत्येक ठिपका आपापला रेणूच ओळखतो. सगळे कॅन्सर दाखवणारा एकच रेणू नाही.

शेजारच्या एका मावशींनी हा मेसेज वाचून बायोप्सीची तारीख पुढे ढकलली. कृपा करून तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल त्या प्रत्येक ग्रुपवर हा खुलासा टाका, आणि घरात कुणाला बायोप्सी सांगितली असेल तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.