सोयाबीनचा हमीभाव म्हणजे अनुदान नव्हे

२०२४च्या हंगामावरून एक मेसेज फिरतोय: ‘सरकार सोयाबीनला क्विंटलमागे ४,८९२ रुपये देतं, सगळा माल घेतं, खर्चाच्या दीडपट भाव देतं, वर हेक्टरी पाच हजार खात्यात टाकतं. मग ओरड कसली?’ यातला एकही दावा जसाच्या तसा खरा नाही.

‘४,८९२ रुपये देतं.’ हा त्या हंगामाचा हमीभाव, म्हणजे ही मालाची किंमत आहे. शेतकरी क्विंटलभर सोयाबीन मापून देतो तेव्हा ती मिळते, आणि तोच माल सरकार पुढे विकतं. तिजोरीवर बोजा पडतो तो विक्रीतल्या तुटीचा आणि हमाली, वाहतूक, गोदामाचा.

‘सगळा माल घेतं.’ केंद्र सरकारच्या योजनेत खरेदीची मर्यादाच देशातल्या उत्पादनाच्या २५ टक्के आहे. बाकीचा माल बाजार समितीत निघेल त्या भावाने जातो, आणि त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो भाव हमीभावाच्या बराच खाली होता.

या पंचवीस टक्क्यांत बसणंही सोपं नाही. सातबारा, पीकपेऱ्याची नोंद, आधार, पासबुक देऊन आधी नोंदणी, मग माल आणा म्हणून येणाऱ्या मेसेजची वाट. खरेदी केंद्रावर माल चाळणीतून काढतात आणि मीटरवर ओलावा बघतात. मर्यादा १२ टक्के. काढणीत परतीचा पाऊस गाठला तर मळणीनंतर दाण्यात पंधरा टक्के किंवा जास्तच ओल असते. ती घालवायला ताडपत्री, मोकळी जागा, उलथापालथ करायला माणूस आणि सलग कडक ऊन लागतं. १५ टक्के ओलाव्याचे दहा क्विंटल १२ टक्क्यांवर आणले की ९६६ किलो भरतात (कोरडा भाग ८५० किलो, भागिले ०.८८). एवढं करूनही बारदाना संपला की माप थांबतं. इकडे हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली असते, बियाण्या-खताला पैसा आजच हवा असतो. व्यापारी ओलीचं कारण सांगून भाव पाडतो, पण माल त्याच दिवशी उचलतो. म्हणून हमीभाव जाहीर असूनही शेतकरी त्याखाली विकतो. केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांवर नेली ती नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळी उलटून गेल्यावर. हा उशीर ज्यांनी आधीच माल विकला त्यांना भोवला, आणि तो टाळता आला असता.

‘खर्चाच्या दीडपट.’ यात धरलेला खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये होता. त्यात बियाणं, खत, फवारणी, मजुरी आणि घरच्यांच्या कष्टाचा अंदाज येतो. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचं व्याज येत नाही. शिवाय ही देशभराची सरासरी. एकरी खर्च तोच राहून उतारा आठ क्विंटलवरून पाचवर घसरला, तर क्विंटलमागचा खर्च ६० टक्क्यांनी वाढतो. हमीभाव जागचा हलत नाही.

‘हेक्टरी पाच हजार.’ हे मात्र खरोखरचं अनुदान. पण ते राज्य सरकारने २०२३च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी दिलं, तेही दोन हेक्टरांपर्यंत. हेक्टरी १२ क्विंटल उतारा धरला तर क्विंटलला ४१७ रुपये पडतात. जमिनीचं खातं सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांची संमती आणावी लागली. बटईने कसणाऱ्याचं नाव तर सातबाऱ्यावर खातेदार म्हणून नसतंच. पेरणीपासून मळणीपर्यंत राबूनही ही रक्कम त्याच्या खात्यात येण्याची सोय नव्हती.