चिनी ऐकताना 'दोन्ही मेंदू' चालतात, हा दावा अर्धाच खरा

जळगाव-धुळ्याकडे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय : मराठी-अहिराणी बोलणाऱ्याचा फक्त डावा मेंदू चालतो, चिनी बोलणाऱ्याचे दोन्ही, म्हणून पोरांना चिनीच्या क्लासला घाला, उजवा मेंदू 'उघडतो'. असं काही होत नाही.

कुठलीही भाषा ऐकताना आवाज मेंदूच्या दोन्ही बाजूंना पोचतो, मराठीतही. चिनीत फरक सुराचा. मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या मुख्य भाषेत, 'मा' सपाट सुरात म्हटलं तर आई, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा. आपल्या 'आला.' आणि 'आला?' मध्ये सूर बदलला तरी शब्द तोच राहतो. सुराचा चढउतार टिपण्यात उजव्या बाजूचा वाटा मोठा, म्हणून स्कॅनमध्ये मँडरिन ऐकणाऱ्यांची उजवी बाजूही कामाला लागलेली दिसली. मेसेजचं मूळ तिथलं. पण तोच सूर शब्द ओळखायला लागला की काम डावीकडे झुकतं. थाईतही सुराने शब्द बदलतो. 1973 मध्ये थाई भाषकांच्या दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे शब्द ऐकवले. सूर उजव्या कानाने जास्त अचूक ओळखले, आणि त्या कानाची मुख्य वाट डाव्या मेंदूकडे जाते. इंग्रजी भाषकांत हा फरक दिसला नाही.

डाव्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की चिनी रुग्णाचीही वाचा अडते, सूर चुकतात. उजवीकडे इजा झाली तर बोलण्यातला राग-आनंद ओळखणं जड जातं.

तेव्हा घरात कुणाचा उजवा हात लुळा पडून बोलणं अडखळलं, तर 'दुसरी बाजू सांभाळून घेईल' म्हणत थांबू नका. लगेच 108 ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.