ल्युटिनच्या गोळीने चष्मा उतरत नाही

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. ‘झेंडूपासून बनवलेली ल्युटिनची गोळी रोज घ्या. चष्म्याचा नंबर उतरतो, मोतीबिंदू होत नाही, मोबाईलच्या निळ्या प्रकाशापासून डोळे वाचतात, म्हातारपणी नजर जात नाही. नैसर्गिक आहे, कुणीही घ्या.’ तो वाचून माझ्या आत्याने बाटली आणली, म्हणून हे लिहायला बसलो.

झेंडूचं खरं आहे. बाजारातलं बरंचसं ल्युटिन त्याच पाकळ्यांतून काढतात. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध जो पीतबिंदू असतो, त्याचा पिवळेपणाही ल्युटिन आणि झिअ‍ॅक्झँथिन या पिवळ्या रंगद्रव्यांमुळेच. शरीर ही द्रव्यं बनवत नाही, ती खाण्यातून यावी लागतात.

पण नंबर? लांबचं अंधुक दिसतं ते बहुतेकदा डोळ्याचा गोळा लांबट झाल्यामुळे. चाळिशी लागते ती आतलं भिंग ताठर झाल्यामुळे. गोळीने यातलं काहीही मागे फिरत नाही.

मोतीबिंदू आणि म्हातारपणीची नजर, या दोन्ही दाव्यांची कसून तपासणी झालेली आहे. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने ४,२०३ लोकांवर सुमारे पाच वर्षं अभ्यास केला, निष्कर्ष २०१३ साली आले. सगळे पन्नाशीच्या पुढचे आणि म्हातारपणी नजर नेऊ शकणारी पीतबिंदूची झीज आधीच झालेले, म्हणजे ज्यांना आजार बळावण्याचा धोका होता असे. जीवनसत्त्व क, ई, जस्त वगैरे असलेल्या, या झिजेसाठी आधीपासून दिल्या जाणाऱ्या जुन्या गोळीत १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झिअ‍ॅक्झँथिन घालून पाहिलं. एकंदरीत जास्तीचा फायदा दिसला नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनांचं प्रमाणही कमी झालं नाही. ज्यांच्या आहारात ल्युटिन फारच कमी होतं, त्यांच्यात थोडा फायदा दिसला, आणि तो मी नाकारत नाही. मधल्या टप्प्याची झीज असलेल्याला डॉक्टर ही जीवनसत्त्वं-जस्ताची एकत्रित गोळी देतात ती योग्यच आहे. तिने आजार बळावण्याचा वेग कमी होऊ शकतो, गेलेली नजर परत येत नाही. धडधाकट डोळ्यांच्या माणसाला ती झीज होण्यापासून वाचवते, असा पुरावा नाही.

मोबाईलचा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडापुढे अगदीच किरकोळ. डोळे चुरचुरतात ते स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या कमी मिटल्यामुळे.

‘नैसर्गिक आहे, कुणीही घ्या’ याचा मला सगळ्यात राग येतो. ल्युटिन स्वतः निरुपद्रवी असेल, पण डोळ्यांच्या काही गोळ्यांत बीटा कॅरोटीनही असतं. गाजराला रंग देणारं, तेही नैसर्गिकच! विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि पूर्वी ओढलेल्यांत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वरच्या अभ्यासातल्या जुन्या गोळीतही ते होतं; त्याच्या जागी ल्युटिन घालायचं ठरलं, ते यासाठी. घरात कुणी ओढत असेल किंवा ओढून सोडली असेल, तर बाटलीवरची बारीक अक्षरं आधी वाचा.

ल्युटिन हवंच असेल तर पालक, मेथी, अंड्याचा पिवळा बलक खा. ते तेलातुपात विरघळतं, त्यामुळे लसणाची फोडणी दिलेली पालेभाजी त्यासाठी उत्तमच.

आत्याचं सांगायचं राहिलं. तिला दाराची चौकट मधेच वाकलेली दिसायची. ‘गोळी चालू आहे, बघू’ म्हणत तिने दोन महिने काढले. सरळ रेघ वाकडी दिसणं हे पीतबिंदूच्या मागे पाणी किंवा रक्त झिरपत असल्याचं लक्षण असू शकतं, आणि तिथे आठवड्यांनी फरक पडतो. तिला तेच निघालं. आता डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टरांनी दिलेला चौकटी-चौकटींचा कागद तिने फ्रिजवर चिकटवलाय. रोज सकाळी चहाआधी चष्मा लावून एकेक डोळा झाकते आणि मधल्या ठिपक्याकडे बघत रेघा सरळ दिसतात का ते तपासते.