व्हिडिओतली ती डिस्क भरीव नाही, मेस्त्री

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, नौका वर ओढलेल्या, इंजिनं उघडलेली. नेमक्या याच दिवसांत मिरकरवाड्यापासून देवगडपर्यंत एक व्हिडिओ फिरतोय. परदेशातली गाडी, व्ही-8 इंजिन, वर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप. मेकॅनिक क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) नाकावरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, कंपनीची रबरवाली पुली, म्हणजे डॅम्पर, काढतो आणि बाहेरून मागवलेली चकचकीत डिस्क बसवतो. खाली कुणीतरी मराठीत जोडलंय: 'डॅम्पर म्हणजे कंपनीचा पैसे काढायचा धंदा. रबर गेलं की लेथवर अ‍ॅल्युमिनियमची भरीव पुली करून घ्या. वजन हलकं, डिझेल कमी, इंजिन थरथरत नाही. परदेशात हेच करतात.'

शेवटापासून सुरू करतो. त्या व्हिडिओत हे केलेलं नाही. तशा बाजारी डिस्कमध्ये बहुधा एकतर रबरावर बसवलेली रिंग असते, नाहीतर सीलबंद डब्यात घट्ट सिलिकॉन तेलात तरंगणारी जड रिंग. म्हणजे तो माणूस डॅम्पर काढून टाकत नाहीये, आधीपेक्षा तगडा डॅम्पर लावतोय. आणि ते का, तर सुपरचार्जरमुळेच. सुपरचार्जरचा बेल्ट क्रँकच्या त्याच नाकावरून फिरतो आणि मोठ्या इंजिनात पूर्ण जोरात 50 हॉर्सपॉवर सहज खातो. सिलिंडरमधला दाब वाढल्याने प्रत्येक फायरिंगला क्रँक जास्त पिळला जातो. कंपनीचं रबर तिथे सरकतं. जनरल मोटर्सच्या एलएस नावाच्या बऱ्याच व्ही-8 इंजिनांत तर नाकावर चावीही (पुली घसरू नये म्हणून खाचेत बसणारी पट्टी) नसते, हब म्हणजे पुलीचा मधला भाग नुसत्या घट्ट बसणीवर आणि बोल्टच्या ताणावर उभा असतो. म्हणून सुपरचार्जर लावणारे क्रँकला भोक पाडून पिन मारतात.

'इंजिन थरथरत नाही' हे वाक्य सगळ्यात घातक, कारण ते हाताला खरं वाटतं. रांगेतल्या सहा सिलिंडरचं इंजिन मुळातच चांगलं बॅलन्स असतं. बॅलन्स करणं एवढंच डॅम्परचं काम असतं, तर या इंजिनाला त्याची गरजच पडली नसती. पण त्याचा क्रँक लांब असतो आणि लांब क्रँक पिळला जातो. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडरला 1800 आरपीएमला सेकंदाला 90 फायरिंग होतात. दर फायरिंगला क्रँक अंशाच्या छोट्या भागाएवढा पिळतो आणि उलटा येतो. हे धक्के क्रँकच्या स्वतःच्या पिळण्या-सुटण्याच्या लयीशी जुळले, की झोपाळ्याला वेळेवर रेटा मिळावा तसा पीळ वाढत जातो. डॅम्परची रिंग हा पीळ रबरात किंवा सिलिकॉनमध्ये जिरवते, त्याची उष्णता होते. रबराचा कडकपणा आणि रिंगचं वजन त्या क्रँकसाठी जुळवलेलं असतं. लेथवाल्याकडे त्याचं माप नसतं, आणि भरीव पुलीत जिरवायला काहीच नसतं.

हा पीळ डेकवर तळहात ठेवून कळत नाही. डेक थरथरत असेल तर पाण्यातला पंखा (प्रोपेलर) वाकलाय का, शाफ्टचं अलाइनमेंट बसतंय का, फाउंडेशनची रबरं गेलीत का, ते बघा. पुलीवर राग काढू नका.

त्यातून ट्रॉलरची गोष्ट गाडीपेक्षा वाईट. गाडी ही लय जुळणाऱ्या वाईट आरपीएममधून झटक्यात निघून जाते. जाळं ओढताना आपण एकाच आरपीएमवर तासन् तास असतो, आणि मागे शाफ्ट नि पंख्याचं वजनही जोडलेलं असतं. मोठ्या जहाजांवर अशा वाईट आरपीएमच्या पट्ट्यात इंजिन चालवत राहू नये म्हणून टॅकोमीटरवर लाल खूण करतात, ती उगीच नाही.

डिझेल कमी? फिरणारं वजन कमी केल्याचा फायदा आरपीएम वाढवताना होतो. एकाच चालीवर चालणाऱ्या इंजिनात वाचायचं काय?

'अमक्याची नौका दोन हंगाम भरीव पुलीवर चालतेय' हे उत्तर हमखास येतं. चालत असेल. त्याचा नेहमीचा आरपीएम वाईट पट्ट्यापासून लांब असेल. पंखा बदलला किंवा नवा तांडेल (नौका चालवणारा) थोडा जास्त रेस ठेवणारा निघाला, की हिशेब बदलतो. 1800 ला तासाला 3 लाख 24 हजार धक्के होतात, जर्नलच्या (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) कोपऱ्यात तडा जायला त्याला फार हंगाम लागत नाहीत.

एक मान्य: अस्सल डॅम्पर महाग आहे, आणि एक-दोन सिलिंडरच्या छोट्या इंजिनाला बहुधा तो नसतोच. पण सहा सिलिंडरला बदलण्याआधी तपासा तरी. रबरवाल्यावर हब, रबर आणि रिंग यांवरून रंगाची एक सरळ रेघ मारा. काही फेऱ्यांनी रेघ तुटलेली दिसली, तर रबर सुटलं. बिल्जमधलं (नौकेच्या तळाशी साचणारं) तेल आणि खारं पाणी ते लवकर खातं. सिलिकॉनवाल्याला पोचा, फुगवटा किंवा चिकट गळती दिसली की बदलायचा, दुरुस्ती नाही. आत रिंगभोवती मिलिमीटरच्या अंशाएवढीच फट असते, एका पोच्याने रिंग अडकते. बाहेरून ठीक दिसला तरी आतलं सिलिकॉन वयाने घट्ट होतं, म्हणून इंजिनाच्या पुस्तकातले तास पाळा. काढताना पुलर (ओढून काढायचं हत्यार) हबच्या बोल्टवर लावा, बाहेरच्या रिंगला अडकवू नका. बसवताना हातोडा नको, तो मार क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेरिंगवर जातो. सिलिकॉनवाल्यावर गॅसची ज्योतही नको.

लेथवर करून घ्यायचीच असेल तर विंचची पुली करा. ती डॅम्परच्या जागी नाही, त्याच्या पुढे हबला बोल्ट करून, बसायचा पृष्ठभाग लेथवर अगदी सरळ काढून. आणि बेल्टचा ओढा मोठा असेल तर पुढच्या टोकाला वेगळं बेरिंग द्या, म्हणजे सगळा भार क्रँकच्या नाकावर लटकत नाही.