मागून बसलेली पद्मिनी

जुन्या गाडीच्या बंपरला क्रोम चढवा, टपाला पॉलिश मारा, येणारे-जाणारे थांबून फोटो काढतात. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं काम काढलं की कोणी थांबत नाही. थांबलंच तर वाकून, "काका, काही पडलंय का खाली?" असं विचारतात, कारण गाडीखालून आपले फक्त पाय दिसत असतात.

आमच्याकडे १९८६ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट, आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली. पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंगा आहेत, पण मागे टांग्याच्या काळापासून चालत आलेले कमानदार पाटे. मोठ्याखाली लहान, मधोमध सेंटर बोल्टने गुंफलेले आणि यू-बोल्टांनी अ‍ॅक्सलला जखडलेले. गाडीचं वजन पेलायचं, अ‍ॅक्सल जागेवर धरायचा आणि एकमेकांवर घासून थोडे धक्केही पचवायचे, अशी तीन कामं एका पगारात. उरलेले धक्के शॉकअपने खायचे. आमच्या शॉकअपने खाणं केव्हाच सोडलं होतं, तेल तेवढं गाळत होता.

हळूहळू गाडी मागून बसली. डावीकडे अंमळ जास्तच. पुण्यातल्या प्रत्येक गतिरोधकावर सायलेन्सर खरडायला लागला आणि मागून कुईकुई आवाज यायचा. एकदा सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने काच खाली करायला लावून सांगितलं, "डिकीत सिमेंट आहे वाटतं." डिकीत स्टेपनी आणि एक छत्री होती.

मेकॅनिक खाली वाकला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "पाटे उतरवायला लागतील साहेब. तासाभराचं काम." असं म्हणणारे मेकॅनिक मी पूर्वीही ऐकलेत. कुठला तास, ते एकानेही सांगितलेलं नाही.

मुख्य पाट्याचं पुढचं टोक गोल वळवलेलं असतं. त्यात रबरी बुश, बुशच्या आत लोखंडी नळी आणि नळीतून आरपार बोल्ट. नट सुटला. बोल्ट सुटेना. इतक्या पावसाळ्यांत तो नळीशी गंजून एकजीव झाला होता. पाना लावून फिरवला की नळीसकट फिरायचा, रबर पिळून किंचाळायचं आणि हात काढला की बोल्ट परत आपल्या जागी. त्याला डिझेल पाजलं, रात्रभर गंजाचं तेल पाजलं, घण घातला. घण घातल्यावर बोल्टाचं डोकं फुलासारखं उमललं, म्हणजे उलट बाजूने निघायची जी काही आशा होती तीही गेली. "गॅस कटर आणू?" मेकॅनिकने उत्साहाने विचारलं. पेट्रोलची टाकी मागेच आहे, ही गोष्ट त्याच्यापेक्षा मला जास्त आठवत होती. शेवटी करवतीच्या पात्याने कापला. संध्याकाळपर्यंत एक बोल्ट. पलीकडच्या बाजूला त्याचा सख्खा भाऊ होता.

पाटे सुटे केल्यावर गंजाचे पापुद्रेच्या पापुद्रे निघाले. पाट्यांमध्ये गंज फुगला की ते एकमेकांवर सरकत नाहीत, कुईकुई त्याचीच. डावीकडचा एक पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडकलेला होता. मेकॅनिकने तो दोन्ही हातांनी उचलून मला दाखवला, जणू मुलगाच झाला होता.

पाटेवाला म्हणजे या सगळ्या प्रकरणातला एकमेव कलावंत. त्याने जुना पाटा फरशीवर आडवा ठेवून खडूने त्याची रेघ मारली आणि त्याच्यावर दुसरी, जरा जास्त वाकलेली. मग पाटा ऐरणीवर घेऊन इंचाइंचाने ठोकत गेला, मधूनच रेघेवर ठेवून एक डोळा मिटून बघायचा. भट्टीत का घालत नाही, म्हणून मी विचारलं. "तापवला की पाणी उतरतं, पोलाद मऊ पडतं. मग परत पाणी द्यायला लागतं. तुमची घाई आहे ना?" माझी घाई नव्हती, सोसायटीच्या सेक्रेटरींची होती. "गाडी दगडावर किती दिवस?" असं ते जिन्यात, लिफ्टमध्ये आणि एकदा गणपतीच्या मीटिंगमध्ये विचारून झाले होते.

बुश आणि शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं मागचं टोक लटकतं त्या झुलत्या, पट्ट्या आणायला कुर्ल्याला गेलो. मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर हे सामान कोथिंबिरीइतकं सहज मिळायचं. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची मुदत संपली, आणि आता दुकानदार बुशऐवजी आठवणी देतो. बुश दिले, पण आधी आठवणी.

एव्हाना "आता खोललंच आहे तर" या मंत्राचा जप सुरू झाला होता. खोललंच आहे तर ब्रेकचा पाइप बदलू. खोललंच आहे तर अ‍ॅक्सलला रेडऑक्साइड मारू. हिने खालच्या ओट्यावरून विचारलं, "अहो, खोललंच आहे तर विकून टाकू या का?"

पाटे घासले, मध्ये ग्राफाइट ग्रीस भरलं, सगळं जागेवर बसलं, आणि गाडी मागून एवढी उंच झाली की पुढे काहीतरी हरवल्यासारखी वाकून बघायला लागली. "भार टाका, बसेल," मेकॅनिक म्हणाला. शिवाय बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळायचे नसतात. चाकांवर नेहमीचं वजन घेऊन आवळले नाहीत, तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे अगदी बरोबर आहे, फक्त नेहमीचं वजन कुठून आणायचं?

घरातून आणलं. मागच्या सीटवर मावशी, खालच्या मजल्यावरचे आजोबा आणि मध्ये त्यांचा नातू. चहा खिडकीतून आत दिला. फियाटचं बुकिंग करून किती वर्षं वाट बघितली होती, हे आजोबांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. खालून आवाज यायचे, "आजोबांना म्हणावं जरा डावीकडं सरका." आजोबा सरकायचे, गोष्ट तिथेच धरून.

वाऱ्याने मावशींचा डोळा लागला होता. पाना निसटून खण्णकन आवाज झाला तशा त्या दचकून जाग्या झाल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "आलं का खोपोली?"

"अजून नाही, मावशी," गाडीखालून उत्तर आलं. "दोन बोल्ट राहिलेत."