४८ किलोमीटरवरची मेणबत्ती

फॉरवर्ड जुनाच आहे: गच्च काळोखात टक लावून पाहिलं तर माणसाला ४८ किलोमीटरवरची मेणबत्ती दिसते, कारण डोळ्यातल्या दंडपेशी प्रकाशाचा एकेक कण टिपतात. यातलं 'कारण' खरं आहे, म्हणूनच थाप पचते.

आधी अंतर. सपाटीवर उभं राहिलं तर क्षितिज पाचेक किलोमीटरवर संपतं. बरं, मेणबत्ती डोंगरावर नेऊ. २०१५ साली क्रिसियुनस आणि कॅरोना या दोघा संशोधकांनी ३३८ मीटरवरच्या ज्योतीचा उजेड कॅमेऱ्याने मोजून अभिजित ताऱ्याशी ताडून पाहिला. हिशेब असा निघाला की २.६ किलोमीटरवरची ज्योत सहाव्या प्रतीच्या ताऱ्याइतकी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसण्याइतकी, मंद असते. ४८ किलोमीटरवर तिचा उजेड आणखी ३४० पटींनी घटतो. धूळ-धुकं वेगळंच.

आता तो 'एक कण'. १९४२ साली हेक्ट, श्लेअर आणि पिरेन या शास्त्रज्ञांनी अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर क्षणभराची चमक टाकली. ती दिसायला डोळ्यावर ५४ ते १४८ फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पडावे लागले. त्यांतले दंडपेशींनी शोषले फक्त ५ ते १४, तेही सुमारे ५०० पेशींत विखुरलेले. एकाच पेशीवर दोन पडण्याची शक्यता नगण्य. म्हणजे एका पेशीला एक फोटॉन पुरतो, पण माणसाला 'दिसलं' म्हणायला एक पुरत नाही.

का? दंडपेशीत ऱ्होडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्याचे कोट्यवधी रेणू असतात. फोटॉन आदळला की रेणूचा आकार पालटतो, आणि अंधारात पेशीत सतत वाहणारा विद्युतप्रवाह किंचित घटतो. हाच संदेश. गोची अशी की नुसत्या उष्णतेनेही एखादा रेणू आपणहून पालटतो. माकडाच्या दंडपेशीत हे दर दोन-तीन मिनिटांनी एकदा घडताना मोजलंय. संदेश हुबेहूब तोच. आपल्या एका डोळ्यात दंडपेशी सुमारे १२ कोटी, म्हणजे खोटे संदेश सेकंदाला लाखोंनी! म्हणून जवळजवळच्या पेशींकडून एकदम चार-पाच संदेश आल्याशिवाय सहसा काही 'दिसत' नाही.

'पण २०१६ला व्हिएन्नातल्या प्रयोगात माणसांना एक फोटॉन दिसला की!' दिसला म्हणजे, दोनपैकी एक पर्याय निवडायचा होता आणि ५१.६ टक्के उत्तरं बरोबर आली. डोळे मिटून ठोकलं तरी ५० येतात. खात्री वाटलेल्या उत्तरांत ६० टक्के बरोबर, इतकंच.

राहिला टक लावण्याचा सल्ला. तो तर साफ उलटा. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच, त्यामुळे अंधुक ताऱ्यावर नजर रोखली की तो गायब होतो. आकाशनिरीक्षक मुद्दाम जरा बाजूला पाहतात, आणि त्याआधी निदान अर्धा तास मोबाइल खिशात ठेवतात.