घाटाचा नियम द्वारका चौकात लागू होत नाही

नाशिकच्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर एक संदेश गेला पावसाळाभर फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ‘जाणता ड्रायव्हर ब्रेकला पाय लावत नाही, तो गिअर पाडून गाडी हळू करतो. त्यामुळे गाडी लवकर थांबते, ओल्या रस्त्यावर घसरत नाही, ब्रेक टिकतात आणि इंधन वाचते. कसारा घाटात जुने ट्रकवाले हेच करत आले आहेत.’ यातले शेवटचे वाक्य खरे आहे, आणि त्याच्या पुण्याईवर आधीची वाक्ये खपवली गेली आहेत. म्हणून सुरुवात घाटापासूनच करावी लागते.

इगतपुरी आणि कसारा या दोन स्टेशनांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. ब्रेक हे गतीची उष्णता करणारे साधन आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगातली गाडी सपाटीवर पूर्ण थांबवताना जेवढी उष्णता निर्माण होते, तिच्या जवळजवळ १५ पट ऊर्जा हे ३०० मीटर उतरताना कुठेतरी जिरवावी लागते. गाडी हलकी असो वा दहा टनांची, हे प्रमाण बदलत नाही. हवेच्या आणि टायरच्या विरोधात तिचा काही भाग खर्च होतो. उरलेला सगळा भार ब्रेकवर टाकला, तर लायनर तापून पकड सोडतात, ट्रकचे ड्रम फुगून लायनरपासून दूर जातात, आणि लहान गाड्यांत ब्रेक ऑइल उकळून पायाखालचे पेडल पोकळ होते. डॉट ३ प्रतीचे कोरे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि तसे झाल्यावर ती मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. इगतपुरीसारख्या धो धो पावसाच्या मुलखातून ये-जा करणाऱ्याने ऑइल दर दोन वर्षांनी बदलण्याचा सल्ला हसण्यावारी नेऊ नये, तो याचसाठी.

म्हणून ‘ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा’ हा जुन्या चालकांचा नियम अगदी रास्त आहे. शेजारच्या रेल्वेमार्गावर, जिथे ३७ फुटांना १ फूट उतार आहे, विजेच्या इंजिनांच्या मोटारी जनित्रासारख्या चालवून गाडी आवरली जाते, तेव्हा तत्त्व तेच असते. परंतु या नियमात गिअरचे काम वेग धरून ठेवण्याचे आहे, उतरवण्याचे नाही, आणि संदेश लिहिणाऱ्याची गल्लत इथेच झाली आहे. तो जाणता चालकही उतार सुरू होण्यापूर्वी आधी ब्रेकने वेग कमी करतो आणि मग गिअर पाडतो. उतारावर भरवेगात आल्यानंतर तिसऱ्यातून दुसरा गिअर ओढून टाकला, तर चाकेच इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. इंजिन जास्त फिरू लागले की इंधन तोडणारी यंत्रणाही तिथे काही वाचवू शकत नाही.

गाडी लवकर थांबते, हा दावा तर साध्या गणितातही टिकत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगले ब्रेक जोराने दाबले, तर वेग दर सेकंदाला ताशी सुमारे २५ किलोमीटरने घटतो, आणि ताशी ७२ किलोमीटरवरची गाडी तीसेक मीटरमध्ये उभी राहते. मधल्या गिअरमध्ये नुसत्या इंजिनाच्या ओढीने ही घट फार तर ताशी तीन-चार किलोमीटर असते, म्हणजे तेवढाच वेग उतरायला दोनशे मीटर लागतील. डिझेल इंजिनांची ही ओढ सहसा पेट्रोलपेक्षा कमी असते, म्हणून तर मोठ्या ट्रकना धुराची वाट अडवून ही ओढ वाढवणारा एक्झॉस्ट ब्रेक वेगळा बसवावा लागतो. नाशिकमधल्या द्वारका चौकात रिक्षा आडवी आली, तर हे दोनशे मीटर आणायचे कुठून? शिवाय नुसता गिअर पाडल्याने मागचा लाल दिवा लागत नाही. तुमच्या मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाला तुम्ही हळू झाल्याचे कळते, ते अंतर संपत आल्यावर.

ओल्या रस्त्याचा मुद्दा सर्वांत घातक आहे. ब्रेक चारही चाकांवर चालतो, आणि वजन पुढे झुकत असल्याने त्याचा मोठा वाटा पुढच्या चाकांकडे मुद्दाम दिलेला असतो. इंजिनाची ओढ मात्र इंजिन जी चाके फिरवते, फक्त त्यांच्यावर येते. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे क्रेट उतरवून रिकामा परतणारा पिकअप घ्या: मागचा भाग हलका, ओढ नेमकी मागच्याच चाकांवर, आणि पहिल्या पावसात रस्त्यावर धूळ व तेलाचा बुळबुळीत थर. अशा वेळी क्लच झटक्यात सोडला, की मागचे टोक पुढे यायला बघते. मोटारसायकलवर हीच चूक मागचे चाक अडकवते. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारे साधन, सक्तीचे आहे. पण ते ब्रेकचा दाब सैल करते, क्लचचा झटका नाही.

ब्रेक टिकतात हे अंशतः खरे आहे, पण त्यांच्याऐवजी क्लचप्लेट झिजते. पॅड बदलायला चाक काढले की पुरते, क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. हा हिशेब मी स्वतःच्या खिशातून शिकलो आहे, आणि गॅरेजवाल्याने तेव्हा मला विचारलेला प्रश्न इथे लिहिण्याजोगा नाही.

इंधनाचे म्हणाल, तर आजच्या गाड्यांत गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तसेही थांबते, मग वेग ब्रेकने कमी करा वा कशानेही. न्यूट्रलवर गाडी सोडली, तर उलट इंजिन चालू ठेवायला इंधन जाते.

ज्यांच्या गाडीला गिअरच नाही, त्यांचा या संदेशात विचारच झालेला नाही. सप्तशृंगी गडावरून नांदुरीपर्यंत उतरणाऱ्यांत स्कूटरवाले कमी नसतात, आणि वेग फार कमी झाला की स्कूटरचा क्लच आपोआप सुटून इंजिनाची उरलीसुरली ओढही जाते. त्यांनी वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबून सोडावेत, सतत घासत ठेवू नयेत, आणि लायनरचा जळका वास आला तर बाजूला थांबून ब्रेक आपसूक निवू द्यावेत. तापलेल्या डिस्कवर बाटलीतले पाणी ओतू नये, ती तडकू किंवा वाकू शकते.